पुड्यांचा हिशेब, गोटुलाशेजारचा सर्व्हर आणि मागे राहणारं घड्याळ

मे महिन्यात ऊन उतरलं की तेंदूच्या फळीवर, म्हणजे विडीची पानं मोजून घेण्याच्या जागी, गर्दी होते. पहाटे तोडणी, दुपारभर घरातल्या सगळ्यांनी बसून पुडे बांधायचे, आणि संध्याकाळी ते फळीवर आणून मोजून द्यायचे. एका पुड्यात ७० पानं, अशा १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी. मुन्शी, म्हणजे फळीवरचा हिशेबनीस, वहीत आकडा लिहितो, मजुराच्या कार्डावर तोच आकडा उतरवतो. संपूर्ण हंगामाची मजुरी आणि ग्रामसभेची रॉयल्टी या दोन ओळींवर उभी असते.

गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या सात ग्रामसभांचा एक गट आहे. गावांची नावं इथे देत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने तेंदू आणि बांबू गौण वनोपजात धरले आणि त्यांची मालकी ग्रामसभेची ठरली. पुढे पेसा या, आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचे २०१४ चे महाराष्ट्राचे नियम आले. त्यामुळे लिलाव, करारनामा, हिशेब हे सगळं आता गावातच होतं. हिशेब गावात आला म्हणजे त्यावरची भांडणंही गावात आली.

२०२२ च्या हंगामाअखेर असंच एक भांडण झालं. एका फळीच्या चार दिवसांच्या आकड्यावरून कंत्राटदाराचा दिवाणजी आणि ग्रामसभा यांचं जमेना. अवकाळी पावसात वहीची पानं भिजून शाई पसरली होती. त्या पानांचे फोटो मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये टाकले होते, हे सगळ्यांना पक्कं आठवत होतं. पण ज्याने टाकले त्याचा फोन पावसाळ्याच्या तोंडावर कायमचा गेला होता, आणि बाकीच्यांनी मेमरी भरली म्हणून जुने फोटो कधीच पुसले होते. शेवटी मधला आकडा धरून मिटवलं. मजुरांना ते आवडलं नाही, आणि मलाही ऐकून बरं वाटलं नाही.

माझं तालुक्याच्या ठिकाणी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मित्रमंडळींपुरता एक छोटा निरोपांचा सर्व्हर मी काही वर्षं चालवत होतो, हे गटाच्या अध्यक्षांना कुठून तरी कळलं. ते दुकानात आले, जोहार घातला आणि सरळ म्हणाले, "भाऊ, आमचा हिशेब आमच्या गावात राह्यला पाह्यजे. मोबाईल फुटला तरी."

पुढे तीन हंगाम मी जे केलं, त्याची ही हकिकत.

कोणता सर्व्हर

निवड करायला फार दिवस लागले नाहीत. मॅट्रिक्स हा २०१४ पासूनचा पर्याय, दिसायला देखणा. पण त्याचा नेहमीचा सर्व्हर, सिनॅप्स, नीट चालवायचा तर पोस्टग्रेसचा डेटाबेस आणि भरपूर मेमरी लागते. आमच्याकडे २ जीबीचा रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा कॉम्प्युटर होता. म्हणून एक्सएमपीपी ही निरोप पाठवण्याची खुली पद्धत. हे नाव आज कमी लोकांना माहीत असलं तरी गोष्ट जुनी आहे: १९९९ मध्ये जॅबर म्हणून सुरू झालं, २००४ मध्ये त्याचं रीतसर प्रमाणीकरण झालं. त्यासाठीचा प्रॉसडी हा सर्व्हर लुआ भाषेत लिहिलेला आहे आणि इतका हलका, की पन्नास माणसांच्या वापरात पायच्या प्रोसेसरला काही जाणवतसुद्धा नाही. मार्च २०२२ मध्ये त्याची ०.१२ आवृत्ती आली, तिच्यात फाइल साठवणं आणि निमंत्रणाचे दुवे या दोन्ही गोष्टी आत आल्या. मला नेमक्या त्याच हव्या होत्या.

फोनवर कॉन्व्हर्सेशन्स हे अॅप. प्ले स्टोअरवर ते विकत मिळतं, एफ-ड्रॉइड या दुसऱ्या अॅप-दुकानात फुकट. एफ-ड्रॉइडवरची फाइल मी पायवरच ठेवली, म्हणजे गोटुलाजवळच्या (गावाच्या बैठकीच्या घराजवळच्या) वायफायवर येऊन कुणालाही डेटा न खर्चता ती उतरवता येईल. स्वतःहून खातं उघडण्याची सोय बंद ठेवली. प्रत्येकासाठी निमंत्रणाचा क्यूआर कोड काढून कागदावर छापला आणि मुन्शींच्या बैठकीत तो हातात दिला. कागद हातात आला की माणूस विश्वास ठेवतो, असं माझं निरीक्षण. बाहेरच्या सर्व्हरशी बोलणं, म्हणजे ५२६९ क्रमांकाचं पोर्ट (जोडणीचं दार), बंद. आम्हाला जगाशी गप्पा मारायच्या नव्हत्या, आणि त्यामुळे फालतू निरोपांची कटकटही दारातच संपली.

एक अंदाज मात्र साफ चुकला. मी धरून चाललो होतो की लोक आकडे टाइप करतील. पहिल्याच आठवड्यात दिसलं की टाइप करणारे चार-पाच जण. बाकी सगळे बोलून पाठवतात. कुणी झाडीबोलीत, कुणी गोंडीत. "आजचे पुडे आठशे बारा, आन् तीन पुडे बाद केले जी," असा आवाज, आणि सोबत वहीचा फोटो. म्हणजे मी बसवला निरोपांचा सर्व्हर, आणि प्रत्यक्षात तो झाला आवाज आणि फोटोंचं गोदाम. मिनिटभराचा आवाज एक एमबीच्या आतच बसतो, फोटो मात्र अॅपमध्ये दाबून लहान करायला लावले. एसडी कार्ड सतत लिहिण्याने मरतं, म्हणून सगळा साठा यूएसबीवरच्या एसएसडीत हलवला.

रंगीत तालीम फेब्रुवारी-मार्चमधल्या खुटकटाईला घेतली. तोडणीआधी तेंदूची झुडपं छाटतात, म्हणजे कोवळी पानं फुटतात. त्या मजुरीची हजेरी या सर्व्हरवर टाकायची, असं ठरलं. आठ दिवस मजेत गेले. नवव्या दिवशी मुन्शीकाकांनी फोन केला की पहिल्या दिवशीचा फोटो उघडत नाही. मला वाटलं, त्यांच्या फोनची काहीतरी गडबड असेल. मग माझ्याकडेही उघडेना. प्रॉसडीत निरोपांचा संग्रह आणि चढवलेल्या फाइली, दोन्ही मुळात एक आठवडाच ठेवल्या जातात. पुढे ठेवायच्या तर तसं लिहावं लागतं. ते कागदपत्रांत स्वच्छ लिहिलेलं आहे, मी वाचलं नव्हतं. ज्या कामासाठी सर्व्हर बसवला तेच काम तो गुपचूप पुसत होता! अॅपमधल्या गटांचा संग्रह कधीच न पुसण्यावर ठेवला, फाइली दोन वर्षांवर, आणि साठवण एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये. खुटकटाईत कळलं म्हणून निभावलं. मेमध्ये कळलं असतं तर मला त्या गावात परत पाय ठेवता आला नसता.

घरातला सर्व्हर, बाहेरचं नाव

पाय ठेवला गटाच्या कार्यालयात, गोटुलाला लागून. ग्रामपंचायतीपर्यंत आलेल्या फायबरची जोडणी तिथवर ओढली होती. पण त्या जोडणीला स्वतःचा सार्वजनिक पत्ता नाही; कंपनी एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक ठेवते. म्हणजे बाहेरून कुणाला आत यायला दारच नाही. म्हणून मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये छोटा भाड्याचा सर्व्हर घेतला आणि पायपासून तिथपर्यंत वायरगार्डचा बोगदा, म्हणजे दोन यंत्रांमधली कुलूपबंद वाट, टाकला. दूरच्या फळीवरचा फोन मुंबईतल्या पत्त्यावरच्या ५२२२ पोर्टवर जातो, तिथून बोगद्यातून गोटुलात. कुलूपबंद जोडणी उघडते ती पायवरच. मुंबईचा सर्व्हर फक्त पाकिटं पुढे ढकलतो. सर्व्हरची ओळख पटवणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं, डीएनएसमधल्या (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यादीतल्या) नोंदीने सिद्ध करायच्या पद्धतीचं. मुख्य नाव, गटांचं उपनाव आणि फाइलींचं उपनाव, तिन्ही एकाच प्रमाणपत्रात.

यात एक खोच होती. फायबर तुटली (रस्त्याचं काम निघालं की ती तुटतेच) तर सर्व्हर गोटुलाजवळ, फोन गोटुलाजवळ, मधे दहा पावलं, आणि तरी निरोप जाईना. फोनला सर्व्हरचं नाव माहीत, पत्ता नाही. पत्ता विचारायला बाहेरच्या डीएनएसकडे जायचं तर वाट तुटलेली. तेव्हा राउटरवरच डीएनएस बसवला, आणि गावातल्या वायफायवर त्या नावाचा पत्ता थेट पायचा द्यायला लावला. बाहेर तेच नाव मुंबईचा पत्ता सांगतं. ही युक्ती जुनीच आहे, पण ती केल्यावर पहिल्यांदा फायबर तुटलेल्या संध्याकाळी गावातल्या तीन फळ्यांचा हिशेब सुरळीत आला, तेव्हा मी एकटाच हसत बसलो होतो.

एक पोरगा राहिला. त्याच्याकडेच येईना. त्याने जाहिराती अडवायला अँड्रॉइडच्या 'खाजगी डीएनएस'मध्ये बाहेरचं नाव घालून ठेवलं होतं, त्यामुळे त्याचा फोन आमच्या राउटरला विचारतच नव्हता. दुसरा त्रास बॅटरी वाचवण्याचा. बरेच फोन मागे चाललेलं अॅप मारून टाकतात. प्रत्येक फोनमध्ये हाताने ती बंधनं काढावी लागली. त्रेचाळीस फोन. दोन रविवार गेले त्यात.

विजेचं गणित सोपं निघालं. पाय, एसएसडी आणि राउटर मिळून १२ वॅटच्या आसपास खातात. १२ व्होल्ट, ४० अँपिअर-तासाची बॅटरी निम्मी वापरली तरी २४० वॅट-तास, म्हणजे सुमारे २० तास. पण बॅटरी आणायला निधी मंजूर व्हायचा होता, तो पुढच्या ग्रामसभेत. तोवर, म्हणजे पूर्ण पहिला हंगाम, वीज गेली की पाय धाडकन बंद. आणि तिथेच खरी गोष्ट सुरू झाली.

कधी पाच मिनिटं, कधी पन्नास

१० मेच्या सुमारास तक्रारी सुरू झाल्या. वीज जाऊन आली की गावातल्या वायफायवर सगळं चालू, पण बाहेरच्या फळ्यांवरून काहीच येत नाही. मग काही वेळाने आपोआप सुरू होतं. कधी पाच मिनिटांत, कधी पन्नास. मी वीज किती वेळ गेली त्याच्याशी संबंध जोडून पाहिला. काही जुळेना. तीन तास वीज जाऊनही दहा मिनिटांत सुरू झालं, आणि दोन मिनिटांच्या झटक्यानंतर पाऊण तास बंद राहिलं.

फायबर देणाऱ्याला फोन करून झाला. तापमानावर संशय घेतला. आमच्या भागात मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो, शेजारच्या ब्रह्मपुरीचं नाव तर देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांत नेहमी येतं, आणि पाय ४ हा ८० अंशांवर स्वतःचा वेग कमी करतो. पंखा लावला. फरक शून्य. एकदा वैतागून मुंबईचा सर्व्हर पुन्हा चालू केला, तर बोगदा तत्काळ जोडला गेला. झालं! मी ठरवून टाकलं की दोष मुंबईच्या सर्व्हरचा. पुढचे सहा-सात दिवस वीज आली की मी दुकानातून तो सर्व्हर पुन्हा चालू करायचो आणि सगळं ठीक व्हायचं. उपाय लागू पडतोय म्हणजे निदान बरोबर, असं मानून बसलो.

त्यातून बाहेर काढलं दिवाणजींनी, आणि तेही भांडायला येऊन. कंत्राटदाराच्या माणसाला आम्ही हिशेबाच्या गटात ठेवलं होतं, पण पाहुणा म्हणून: वाचता येतं, लिहिता येत नाही. आकडा माहीतच नव्हता असं कुणी म्हणू नये, एवढाच हेतू. एका संध्याकाळी ते दोन फोन घेऊन गोटुलाशी आले. एकाच निरोपाची वेळ एका फोनवर ७:४२, दुसऱ्यावर ६:५५. "तुमच्या डब्याची वेळच खोटी आहे जी," ते म्हणाले, "मंग आकडे खरे कायचे?"

सगळ्यांसमोर म्हणाले. मला उत्तर देता आलं नाही.

घरी जाताना मोटरसायकलवर डोक्यात आलं. रास्पबेरी पाय ४ मध्ये घड्याळ चालवणारी बॅटरी नसते. वीज गेली की त्याची वेळ थांबते. चालू झाल्यावर तो शेवटी जपून ठेवलेल्या वेळेपासून पुढे मोजायला लागतो, आणि आमच्या त्या वेळच्या आवृत्तीत ती वेळ तासातून एकदा जपली जायची. म्हणजे जागा होतो तेव्हा तो वीज गेली त्या क्षणाच्याही मागे असतो: कधी चार मिनिटं, कधी पंचावन्न. वीज किती वेळ गेली त्याच्याशी खरोखरच संबंध नव्हता. संबंध होता तो वीज नेमक्या कोणत्या मिनिटाला गेली त्याच्याशी. जो फोन निरोप येतानाच जोडलेला होता, त्याने स्वतःच्या घड्याळाची वेळ लावली. जो मागाहून जोडला गेला, त्याने सर्व्हरच्या संग्रहातून निरोप उचलला आणि सोबत सर्व्हरची मागे पडलेली वेळही.

पण इंटरनेटवरून वेळ मिळते ना? मिळायला हवी होती. बाहेरून आलेल्या पाकिटांना उत्तरं त्याच वाटेने जावीत म्हणून मी पायचा सगळा रहदारीचा रस्ताच बोगद्यातून वळवला होता. वेळ विचारणंही बोगद्यातून. आणि वायरगार्डचा हात मिळवण्याचा पहिला निरोप स्वतःबरोबर वेळेचा शिक्का नेतो; समोरचा शेवटचा शिक्का लक्षात ठेवतो आणि त्याहून जुना आला तर गप्प बसतो, उत्तरसुद्धा देत नाही. कुणी जुनं पाकीट पकडून पुन्हा पाठवू नये म्हणून केलेली ती सोय आहे, आणि चांगली आहे. आमच्याकडे मात्र असं झालं: घड्याळ लावायला बोगदा हवा, बोगदा उघडायला घड्याळ हवं. पायचं घड्याळ आपल्या पावलांनी चालत जुन्या शिक्क्याच्या पुढे गेलं की बोगदा उघडायचा. म्हणून कधी पाच मिनिटं, कधी पन्नास. आणि मुंबईचा सर्व्हर पुन्हा चालू केल्यावर तो जुना शिक्का विसरायचा, म्हणून माझा उपाय लागू पडायचा. निदान चुकीचं, औषध बरोबर. दुरुस्तीच्या धंद्यात याच्याइतकी वाईट जोडी नाही.

डीएस३२३१ नावाचं छोटं घड्याळ मिळतं, काही शे रुपयांत, सोबत नाण्याएवढी बॅटरी. नागपूरहून मागवलं, पायच्या पिनांवर बसवलं. शिवाय रस्ते वेगळे केले: बोगद्याच्या पत्त्यावरून आलेल्याचं उत्तर तेवढं बोगद्यातून, बाकी सगळं, वेळ विचारण्यासकट, सरळ फायबरवरून. त्या दिवसापासून बोगदा वीज आल्यावर मिनिटभरात उभा राहतो.

पण त्या सतरा दिवसांच्या संग्रहातल्या वेळा आता कायमच्या चुकलेल्या होत्या. मी डेटाबेसमध्ये हात घालून त्या दुरुस्त करू शकत होतो. अध्यक्षांना तसं विचारलंही. ते म्हणाले, "एकदा हात लावला का मंग रोजच लावता येते." दुरुस्त केल्या नाहीत. त्याऐवजी ग्रामसभेच्या ठरावात कोणत्या तारखांना घड्याळ मागे होतं ते लिहून ठेवलं, आणि मुन्शींनी वहीचा फोटो काढण्याआधी पानावर पेनने वेळ लिहायची, असा नियम केला. दिवाणजींनी त्या ठरावाची नक्कल मागून घेतली. त्या हंगामात आकड्यावरून भांडण झालं नाही; एका फळीवर बाद पुड्यांवरून झालं, पण ते पानांच्या प्रतीचं भांडण होतं, त्यात सर्व्हर काय करणार.

एक चांगली गोष्ट याच ओघात कळली. अॅपमध्ये पाठवलेला निरोप दुरुस्त करता येतो, आणि पडद्यावर दुरुस्त झालेलाच दिसतो. पण दुरुस्ती हा मुळात वेगळा निरोप असतो. सर्व्हरच्या संग्रहात आधीचा आकडाही राहतो आणि नंतरचाही. मुन्शींना हे सांगितल्यावर दोघांचे चेहरे जरा उतरले, बाकीचे खूश झाले.

"तुमाले वाचता येते का?"

जूनच्या ग्रामसभेत एका आजींनी विचारलं, "भाऊ, त्या डब्यातलं समदं तुमाले वाचता येते का जी?"

यावर गोलगोल बोलता आलं असतं. हिशेबाच्या गटात आम्ही टोकापासून टोकापर्यंतचं कुलूप, म्हणजे ओमेमो, मुद्दाम बंद ठेवलं होतं. ते चालू असतं तर नवा फोन घेतलेल्या मुन्शीला जुने निरोप वाचता आले नसते आणि सर्व्हरवर पडून राहिलेला संग्रह कुणाच्याच कामाचा नसता. वैयक्तिक गप्पांना ओमेमो चालू. ते मलाही वाचता येत नाही. मी सांगितलं: हिशेबाचं सगळं मला वाचता येतं. मनात आणलं तर बदलताही येईल.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग चर्चा झाली, आणि ती तंत्रज्ञानाची नव्हती, पेटीच्या चावीची होती. ग्रामसभेच्या रोकड पेटीला जे नियम, तेच डब्याला. लोखंडी जाळीत ठेवून कुलूप. मुख्य पासवर्ड पाकिटात, पाकिटावर तिघांच्या सह्या, पाकीट पेटीत. दुरून आत शिरायची माझी किल्ली काढून टाकायची. मी यायचं ते समोर, आणि शेजारी ग्रामसभेचं कुणीतरी बसलेलं हवं. त्या 'कुणीतरी'च्या जागी एका मुन्शीकाकांची पुतणी आली. बारावी झालेली, लिनक्स म्हणजे काय हे तोवर तिला माहीत नव्हतं. आज ती प्रॉसडीची नोंदवही माझ्याहून बारकाईने वाचते.

मला वाटलं होतं, मुंबईचा सर्व्हर माझ्या नावावर आहे तो या प्रश्नाच्या बाहेर आहे, कारण तिथे कुलूप उघडतच नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये जॅबर डॉट आरयू या जुन्या एक्सएमपीपी सेवेची बातमी वाचली आणि तो समज गेला. त्यांचे सर्व्हर जर्मनीत भाड्याने होते. कुणीतरी वाटेतच बसून त्याच नावाची वेगळी प्रमाणपत्रं मिळवली होती आणि ५२२२ वरची रहदारी मधेच उघडून वाचली जात होती. उघडकीस आलं ते मधल्याच्या प्रमाणपत्राची मुदत संपली म्हणून! म्हणजे ज्याच्या हातात वाट, त्याला नाव सिद्ध करून प्रमाणपत्र काढता येतं. माझ्या हातात वाट होती. मी पुढच्या बैठकीत स्वतःहून हे सांगितलं. मग डोमेनचं खातं ग्रामसभेच्या ईमेलवर गेलं, आणि डीएनएसमध्ये सीएए नोंद घातली, की या नावाचं प्रमाणपत्र फक्त लेट्स एन्क्रिप्टच्या अमुक एका खात्यालाच मिळावं. भाडं अजून माझ्या कार्डावरून जातं, गट वर्षाअखेर देतो.

२०२५ च्या पोळ्याच्या आसपास त्याच प्रमाणपत्राने आम्हाला धडक दिली. ९० दिवसांची मुदत, साठाव्या दिवसापासून नूतनीकरण आपोआप. पण डोमेनच्या खात्याचा पासवर्ड बदलताना डीएनएसमध्ये लिहिण्याची चावीही बदलली गेली होती आणि ती पायवर घालायची राहिली, माझ्याकडूनच. महिनाभर रोज नूतनीकरण फसत होतं आणि कुणाला पत्ता नव्हता. मुदत संपायच्या आधी ईमेल येईल, या जुन्या सवयीवर मी निर्धास्त. लेट्स एन्क्रिप्टने ते ईमेल जून २०२५ पासून बंद केले होते. हंगाम नव्हता म्हणून नुकसान झालं नाही. वाईट वेगळंच झालं: फोनवर 'अनोळखी प्रमाणपत्र स्वीकारायचं का' असं आलं आणि बरेच जण 'नेहमी' दाबून मोकळे झाले. ज्या दाराला एवढी कुलपं लावली, ते दार त्यांनी कौतुकाने उघडं टाकलं. पुतणीने गावोगावी फिरून प्रत्येक फोनमधली हाताने स्वीकारलेली प्रमाणपत्रं काढली. आता पाय रोज सकाळी स्वतःच हिशेबाच्या गटात एक ओळ टाकतो: प्रमाणपत्राचे उरलेले दिवस, डिस्कवरची मोकळी जागा, आणि त्याच्या घड्याळातली वेळ. लोक त्याला 'डब्याचा जोहार' म्हणतात. ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी सातच्या आत पुतणीला तीन फोन गेलेले असतात.

दोन फळ्या खोलगट भागात आहेत, तिथे कोणत्याच कंपनीची रेंज नाही. बरेच प्रयोग मनात येतात: टेकडीवर खांब, दुसरा वायफायचा दुवा. खांबासाठी जागा वनजमिनीत येते, म्हणून ते लांबलं आहे. सध्या मोजणी संपली की मुन्शीचा मुलगा फोन खिशात घालून सायकलने गोटुलापर्यंत येतो. वायफायच्या टप्प्यात शिरला की अडकलेले निरोप आपोआप जातात. तो उतरतही नाही, पाय टेकवून थांबतो, टिंग वाजलं की वळतो. सर्व्हर त्या निरोपांवर सायकल पोचल्याची वेळ मारतो. म्हणून त्या दोन फळ्यांच्या वह्यांत पुतणीने एक रकाना वाढवला आहे: 'फळीवरची वेळ' आणि त्याशेजारी 'गोटुलातली वेळ'. दोन्हींत साधारण चाळीस मिनिटांचं अंतर असतं, आणि पाऊस असला तर तासाचं.